निळं बटण आणि ह्यांचं बनियन

९ सप्टेंबर

बाईंनी मला दोन वह्या दिल्या. एक जाड, रकाने आखलेली. त्यात रोज किती फुलपाखरं दिसली तो आकडा लिहायचा. परवा मी त्यात लिहिलं, "एकही नाही. गुडघा ठणकतोय. डेपोवाल्याने मुद्दाम आमच्याकडे धुराडं करून गाडी गुरगुरवली." बाई म्हणाल्या, "मावशी, दिसलं नाही तर नुसता शून्य लिहायचा हो." मी म्हटलं, शून्यावरून कोणाला कळणार माझा दिवस कसा गेला ते? तेव्हा त्यांनी ही दुसरी बारकी वही काढून दिली. यात काय हवं ते लिहा म्हणाल्या, मी वाचणार नाही.

वाचलं तरी अक्षर लागायचं नाही त्यांना. चौथीनंतर मी फक्त किराण्याच्या याद्या लिहिल्यात.

१० सप्टेंबर

पहिल्यापासून लिहिते, नाहीतर पुढे माझंच मला कळायचं नाही.

बस डेपोच्या मागे एक उतार आहे. दीड वर्षापूर्वी तिथे नुसती घाणेरी होती. काटे, वास, आत शिरलं की अंगभर ओरखडे. बाई कॉलेजात शिकवतात. त्यांचं म्हणणं, इथे मुळात गवत होतं, कमरेएवढं, आणि गवताच्या बुडाशी बारीक पानांची एक वेल. त्या वेलीवर एक निळं फुलपाखरू अंडी घालतं. दुसऱ्या कशावर घालत नाही, भारी मानी. घाणेरी माजली, गवत मेलं, वेल गेली आणि फुलपाखरू संपत आलं. म्हणून घाणेरी मुळासकट काढायची, मूळचं गवत परत लावायचं. या कामाला मी आहे. लांबच्या टेकडीवरून गवताचं बी हाताने ओरबाडून आणलं, वाळूत कालवून फेकलं, जिथे उगवलं नाही तिथे एकेक ठोंब खड्डा करून बसवला. घाणेरीचं मूळ बोटभर राहिलं तरी ती परत हजर होते, आमच्या नणंदेसारखी.

फुलपाखराचं खरं नाव इतकं लांब आहे की म्हणेपर्यंत ते उडून जातं. शर्टाच्या बटणाएवढं आहे म्हणून मी निळं बटण म्हणते. आता बाईही तेच म्हणतात.

१२ सप्टेंबर

फुलपाखरं मोजायची एक रीत असते म्हणे. उतारावर दोरी बांधलीय, तिच्या कडेने एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला सावकाश चालायचं, दोन्ही बाजूंना बघत. अर्धा तास लागला पाहिजे. मला आठ मिनिटं लागली. बाई म्हणाल्या, पुन्हा. पुन्हा नऊ मिनिटं. "मावशी, तुम्ही मोजायला चालताय की कोणाला मारायला?"

माझ्याच्याने सावकाश होत नाही. जन्मात झालेलं नाही.

शून्य.

१७ सप्टेंबर

आमचे हे डबा घेऊन येतात दुपारी. कारखाना बंद पडला तेव्हापासून दोन वर्षं घरीच आहेत. फिटर होते. यंत्राशी बोलायचे तेवढंच, आता यंत्रही नाही. विचारलं तर हं. नाही विचारलं तरी हं. डबा देतात आणि खडकावर बसतात, मान खाली, डोळे मिटून. मी म्हणते, घरी झोपा की, इथे उन्हात कशाला? हं.

आज त्यांच्या कॉलरवर काहीतरी निळं चिकटलेलं दिसलं. मला वाटलं रंग लागला. झटकायला हात उचलला तर बाई लांबून किंचाळल्या. मी घाबरून डबा पाडला.

निळं बटण होतं. दीड वर्षात पहिलं. आमच्या ह्यांच्या मानेवर.

दीड वर्षं मी राबतेय, गुडघ्याचं पीठ झालं, आणि ते बसलं कुठे, तर झोपलेल्या माणसावर.

१८ सप्टेंबर

आज दोन. एक काखेजवळ, एक टोपीच्या काठावर. बाई जमिनीवर पालथ्या पडून फोटो काढत होत्या. हे डोळे मिटून बसलेले, जसं काही न्हावी दाढी करतोय.

बाईंनी मला कारण सांगायला घेतलं, ती ह्यांच्यावरच का बसतात ते. "म्हणजे मावशी, त्यांना ना फुलांमधून सगळी पोषणद्रव्यं मिळत नाहीत..." इथपर्यंत ऐकलं आणि मी खुरपं उचललं. शिकलेल्या माणसांना एक वाक्य संपवायला बस सुटेपर्यंतचा वेळ लागतो. कारण मला माहीत आहे. हे हलत नाहीत. फुलपाखराला वाटतं दगड आहे.

२२ सप्टेंबर

मीही बसून बघितलं. डोक्याचं फडकं तोंडाभोवती घट्ट आवळलं, बाह्या मनगटापर्यंत ओढल्या, खडकावर बसले. किती वेळ झाला म्हणून बाईंना विचारलं. "दोन मिनिटं, मावशी."

बटण नाही आलं. मुंगी आली. चावली.

२६ सप्टेंबर

वरच्या कडेची अकरा झुडपं कोणीतरी उपटून ठेवलीत. मुळासकट, माती झटकून, ओळीत रचून. मी ती बाजू दिवाळं निघालेल्या दुकानासारखी सोडून दिली होती, गुडघा वर चढू देत नाही. बाईंचंच काम. सकाळी लवकर येऊन करत असणार. मोठ्या मनाची बाई आहे, करून सांगत नाही.

मी बोलून दाखवलं तर म्हणाल्या, "मी? नाही हो." बघा, किती साधेपणा.

ह्यांना डॉक्टरांनी रोज पहाटे फिरायला सांगितलंय. पाचला जातात, सातला येतात. येतात ते बनियन पिळून पाणी निघेल असे. मी म्हटलं, डॉक्टरांनी फिरायला सांगितलंय, कुस्ती खेळायला नाही. हातावर ओरखडे. "कुठे पडलात?" हं. परत तेच बनियन अंगात अडकवून दुपारी डबा घेऊन हजर. दुसरं काढून दिलं तर म्हणतात, हे चांगलं आहे. खांद्यावर पांढरे डाग पडलेत, जसा नकाशा.

३ ऑक्टोबर

आज कागद आला. आता कळलं बाई इतके दिवस नखं का खात होत्या.

डेपोला हा उतार हवाय. सपाट करून डांबर ओतायचं आणि तिथे गाड्या लावायच्या. बाईंनी अर्ज केला होता की इथे दुर्मीळ फुलपाखरू आहे, जागा राखा. आता तिघांची समिती येणार, ८ नोव्हेंबरला, सकाळी दहा ते अकरा. त्या तासात, हद्दीच्या आत, तिघांनी स्वतःच्या डोळ्यांनी निळं बटण बघितलं तर जागा राहील. नाही दिसलं तर डांबर.

"फोटो आहेत की ढीगभर," मी म्हटलं.

"फोटो कुठलाही असू शकतो म्हणतात."

मला फुलपाखराशी काही घेणं नाही, खरं सांगते. पण त्या उतारावरचा एकेक ठोंब माझ्या हाताने बसवलाय. कुठला कुठे आहे ते डोळे मिटून सांगेन. त्यावर डांबर ओतणाऱ्याला मी आधी त्यात बुडवीन.

५ ऑक्टोबर

डेपोचे साहेब कुंपणाशी येऊन उभे राहिले. पांढरा शर्ट, हातात गाडीची किल्ली, ती बोटाभोवती गरगर फिरवत. म्हणाले, "काय मावशी, गवत कापताय?"

"लावतेय."

"गवत लावतात?" असे हसले की किल्ली उडून गवतात पडली. अर्धा तास शोधत होते. मला पहिल्या मिनिटाला दिसली होती.

१४ ऑक्टोबर

ह्यांचा भाव वाढलाय. बाई त्यांना काका म्हणतात, त्यांच्यासाठी खडकावर गोणपाट अंथरतात. पाण्याची बाटली. मोजणीची चालही आता हेच चालतात, कारण ह्यांना अर्धा तास सहज लागतो. ह्यांना चहा प्यायलाही अर्धा तास लागतो.

आज जाड वहीत आकडा सात. त्यातली पाच ह्यांच्या अंगावर. बाई म्हणाल्या, अंगावरची लिहायची की नाही ते मला बघावं लागेल.

घरी येताना मी विचारलं, "कसं वाटतं हो, अंगावर बसतात तेव्हा?"

पाच-सहा पावलं चालल्यावर म्हणाले, "गुदगुल्या."

एवढा मोठा शब्द दोन वर्षांत पहिल्यांदा बोलले.

२१ ऑक्टोबर

वरची बाजू जवळजवळ साफ झाली. बाई झपाटल्यागत काम करतायत. आणि वर मलाच म्हणतात, "मावशी, गुडघा दुखतो ना, इतकं वर चढू नका." मी कुठे चढतेय?

२९ ऑक्टोबर

बाईंनी ठरवलं. समितीच्या दिवशी ह्यांना खडकावर बसवायचं. एक तास. बटणं येतील, समिती बघेल, सही करेल, संपलं. सगळा डाव ह्यांच्यावर. आणि आमचे हे तर लग्नाच्या दिवशी स्वतःच्याच लग्नाला उशिरा आले होते.

४ नोव्हेंबर

नणंदबाई आल्या. चार दिवस राहणार. ह्यांच्या पाठची बहीण, पण थाट सासूचा. उंबऱ्यातच उभ्या राहून बघितलं ह्यांच्याकडे, मग माझ्याकडे, मग परत ह्यांच्याकडे.

"वहिनी, माझ्या भावाला काय अवतारात ठेवलंय हे?"

"काय झालं अवताराला?"

"ते बनियन बघा! आमच्याकडे जमीन पुसायला याहून बरं फडकं असतं."

मी म्हटलं, वन्सं, तुमच्या भावाला तोंड आहे, त्याला विचारा. तर ह्यांनी काय करावं? हं.

५ नोव्हेंबर

चहा पिताना पुन्हा बनियन. जेवताना बनियन. शेजारीण आली तिच्यासमोर बनियन. "आठ तारखेला तर म्हणे साहेब लोक येणार बघायला. माझा भाऊ असा बसणार त्यांच्यासमोर? लोक म्हणतील, बायकोला धुवायला साबण मिळत नाही."

मी ऐकून घेणाऱ्यातली नाही. पण साबणावर बोट ठेवलं की मला लागतं. माझ्या घरात एक वेळ मीठ संपेल, साबण नाही.

६ नोव्हेंबर

ह्यांना आंघोळीला बसवलं आणि बनियन उचललं. सोडा टाकून उकळलं, आपटलं, परत उकळलं. पहिलं पाणी जे निघालं त्याचं वर्णन करत नाही, वही खराब होईल. शेवटी असं पांढरं झालं की दोरीवर बघवेना. वन्संना म्हटलं, या, बघा. बघून म्हणाल्या, "हं, ठीक." बहिणीचाही हं. खानदानी आहे.

टोपीही धुतली. शर्टाला इस्त्री केली. खडकावरचं गोणपाटही आणून उकळलं, कारण एकदा धुवायला लागले की मला थांबता येत नाही.

हे बाहेर आले, दोरीकडे बघत उभे राहिले. "धुतलंस?"

"मग काय पूजू?"

काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. आता बोलायची सवय लागलीय तर वेळेवर बोलायचं ना!

७ नोव्हेंबर

बाई दिवसभर त्यांच्या कॉलेजात, उद्याचे कागद तयार करायला. हे डबा घेऊन आले, खडकावर बसले. एकही बटण नाही. गवतात होती, वेलीपाशी दोन दिसली, भिरभिरली आणि गेली. ह्यांच्याकडे ढुंकून बघितलं नाही.

हवा बदलली असेल.

८ नोव्हेंबर

आजचं आजच लिहिणार.

सकाळी वन्संनी ह्यांना तयार केलं. इस्त्रीचा शर्ट, भांग, मानेला, काखेत, छातीला पावडर. पावडर इतकी की हे दारातून बाहेर पडले तेव्हा मागे ढग उरला. सव्वानऊला उतारावर पोचलो. बाईंनी ह्यांना बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"मावशी, काकांचं ते बनियन?"

"आहे की आत. पांढरंफेक."

"धुतलंत?"

"धुतलंत म्हणजे! उकळून. दोनदा."

बाई मटकन खाली बसल्या. "मावशी, ती बटणं घामातलं मीठ घ्यायला येतात हो. फुलांत मीठ नसतं, म्हणून ती घामावर बसतात. मी सांगितलं होतं तुम्हाला!"

"मग थोडक्यात सांगायचं होतं!"

ह्यांच्याकडे वळले. "तुम्हाला माहीत होतं?"

"हं."

काय करू या माणसाचं! पण भांडायला वेळ नव्हता. मी म्हटलं, पळा. कुठे म्हणाले. म्हटलं, कुठे म्हणजे काय, घाम येईपर्यंत! मग आमचे हे इस्त्रीच्या शर्टात उताराला फेऱ्या मारायला लागले. घाम आला, पण पावडरीतून आला, दुधासारखा. तोंडावरून पांढरे ओघळ. आणि तेवढ्यात समितीची गाडी.

तिघं उतरले. जाड चष्म्याचे अध्यक्ष, टिपणं घेणाऱ्या एक मॅडम आणि एक वाळके गृहस्थ, जे पूर्ण वेळ फक्त पाणी पीत होते. मागून डेपोचे साहेब, किल्ली फिरवत.

अध्यक्षांनी ह्यांना बघितलं. "हे कोण?"

"आमचे... स्वयंसेवक," बाई म्हणाल्या.

"धावतायत का?"

"उत्साह आहे त्यांना."

दहा वाजले. ह्यांना खडकावर बसवलं. धापा टाकत बसले, पावडरीचा घमघमाट. सव्वादहा. साडेदहा. एक बटण आलं, ह्यांच्याभोवती अर्धी फेरी मारली आणि शिंक आल्यासारखं परत फिरलं. अध्यक्ष चष्मा पुसत होते, त्यांना दिसलंच नाही. मॅडम रस्त्याकडे बघत होत्या. वाळके पाणी पीत होते.

दहा चाळीस. डेपोचे साहेब म्हणाले, "मी म्हणतच होतो. काय आहे इथे? गवत. आणि गवताचं काय, कुठेही उगवतं."

बाईंनी माझा हात धरून ठेवला होता.

"आणि ते बघा," किल्लीने कुंपणाकडे दाखवून म्हणाले, "घाणेरीचं खोड. दीड वर्षात तेवढंही निघालं नाही यांच्याकडून."

मी हात सोडवला. तोंडावरचं फडकं ओढून फेकलं, बाह्या वर सारल्या, कुदळ घेतली आणि त्या खोडावर तुटून पडले. कोण बघायला आलंय, किती वाजलेत, काही सुचलं नाही. एक घाव डेपोसाठी, एक वन्संसाठी, एक त्या बनियनसाठी. जाडजूड मूळ होतं, मांडीएवढं. ऊन डोक्यावर. घाम डोळ्यांत गेला, नाकावरून टपकला. शेवटी मूळ निघालं ते उचलून साहेबांच्या बुटांसमोर आपटलं. बोलायला तोंड उघडलं तर श्वासच उरला नव्हता. कुदळीवर रेलून नुसती उभी राहिले. जन्मात पहिल्यांदा, हलेना, बोलवेना.

आणि नाकाच्या शेंड्यावर काहीतरी बसलं.

नाकावर माशी बसू न देणारी बाई मी. हात उठलाच होता. बाई हळूच म्हणाल्या, "मावशी, हलू नका. बोलू नका. तुम्हाला माझी शपथ."

ते नाकावरून उतरून वरच्या ओठावर आलं. बारीक सोंड टेकवायचं, उचलायचं, टेकवायचं. गार दोऱ्याचं टोक फिरवल्यासारखं. दुसरं भुवईवर. तिसरं मनगटावर. अध्यक्ष वाकले, चष्मा माझ्या तोंडापासून चार बोटांवर आणला. लग्नाला इतकी वर्षं झाली, आमच्या ह्यांनीही मला इतक्या जवळून निरखलेलं नाही.

"आहे," अध्यक्ष म्हणाले. मॅडम वाकल्या. "आहे." वाळक्यांनी पाण्याची बाटली बंद केली आणि वाकले. "आहे, आहे."

"अहो पण हे बाईवर बसलंय!" डेपोचे साहेब पुढे आले. "नियमात जागेवर म्हटलंय. बाई म्हणजे जागा नव्हे."

बाईंच्या डोळ्यांत पाणी. मला तर उत्तर जिभेवर आलेलं आणि ओठावर बटण! तेवढ्यात मागून आवाज आला.

"बाई कशावर उभी आहे?"

आमचे हे. पांढऱ्या ओघळांसकट. सगळ्यांनी खाली बघितलं. माझ्या पायांखाली गवत. मी लावलेलं.

वाळक्यांनी कुंपणापासून पावलं मोजली. हद्दीच्या आत नऊ पावलं. डेपोच्या साहेबांची किल्ली थांबली.

मग मॅडमनी लिहायला घेतलं. मला विचारायची सोय नव्हती म्हणून ह्यांना विचारलं.

"या इथे किती दिवस काम करतात?"

"दीड वर्षं. रोज. आजारी असली तरी."

"गवत कोणी लावलं?"

"हिने. एकेक ठोंब. पाण्याचे डबे नळावरून डोक्यावर आणून. गुडघा धड नाही, कोणाला सांगत नाही."

मला फुटलाच असता आवाज. ह्यांना हे सगळं माहीत आहे? झोपलेले असतात ना?

"घाणेरी?"

"हिनेच काढली."

"वरच्या बाजूची पण?"

ह्यांनी आपले हात मागे घेतले. "सगळी हिने."

साफ खोटं! वरची बाजू बाईंनी काढली. बाईंचं नाव जायला हवं होतं. मी डोळे मोठे करून बाईंकडे बघितलं, तर त्या माझ्याकडे न बघता ह्यांच्या हातांकडेच बघत होत्या.

"यांचं वय?"

"चोपन्न," आमचे हे म्हणाले. न अडखळता.

चोपन्न! अहो चोपन्न तुमची बहीण! मी एक्कावन्न! माझ्या भुवया अशा वर गेल्या की भुवईवरचं बटण पंख उघडून डळमळलं. बाई हात जोडून म्हणाल्या, "मावशी, प्लीज. सही होऊ द्या." मॅडमनी लिहिलं. ५ आणि ४. मला दिसलं, डोळे चांगले आहेत माझे. मूग गिळून उभी राहिले, मॅडमना वाटलं मला मान्य आहे.

अध्यक्षांची सही. मॅडमची सही. वाळक्यांची सही, पाणी पिऊन. तेव्हा कुठे ओठावरचं उडालं.

"एक्कावन्न!" मी ओरडले.

"नाही नाही," अध्यक्ष हसून म्हणाले, "तीनच होती. पण तीन पुष्कळ आहेत."

९ नोव्हेंबर

वन्सं सकाळच्या गाडीने गेल्या. जाताना म्हणाल्या, "शेवटी मी नीटनेटकं केलं म्हणून चांगलं झालं." मी दार लावलं.

ह्यांना विचारलं, खोटं का बोललात वरच्या बाजूचं? हं. परत सुरू झालं.

१० नोव्हेंबर

हे पाचला उठून परत फिरायला गेले. मी म्हटलं, आता तरी वेगळं बनियन घाला. जुनंच घातलं. येताना पुन्हा चिंब. आज दुपारी दोन बटणं आली त्यांच्यावर. आणि कुंपणापलीकडची, ज्या बाजूला बाईंनाही अजून हात लावायला झालेला नाही, ती पाच झुडपं उपटलेली. बाई आज आल्याही नव्हत्या. रात्री येऊन गेल्या असतील. इतकं काम करू नये माणसाने, आजारी पडतील.

२४ नोव्हेंबर

निर्णयाचा कागद आला. शिक्क्याचा. उतार राखीव. डांबर नाही, गाड्या नाहीत. बाईंनी मोठ्याने वाचला, मध्येच रडल्या, मग पुन्हा पहिल्यापासून वाचला. मीही नाक पुसलं, पण ते धुळीने.

तिसऱ्या पानावर आलं. "सदर जागेवर कार्यरत महिला, वय ५४, यांच्या अथक परिश्रमांतून." खाली तीन सह्या, वर गोल शिक्का, एक प्रत डेपोला, एक कॉलेजला, एक कायमची दप्तरी.

अथक परिश्रम वगैरे ठीक आहे. ५४ कायमचं दप्तरी?

२७ नोव्हेंबर

गेले त्या कार्यालयात. तीन जिने, गुडघा बोंबलत होता. टेबलामागच्या माणसाला म्हटलं, वय चुकलंय, एक्कावन्न करा.

त्याने कागद उलटसुलट बघितला. "करता येईल. पण एकदा दुरुस्तीला काढला की निर्णयच पुन्हा समितीपुढे जातो. पुन्हा पाहणी, पुन्हा तो एक तास."

"कधी?"

"फेब्रुवारी."

फेब्रुवारीत बटणं नसतात, बाईंनी सांगितलंय, आणि यावेळी मी शेवटपर्यंत ऐकलंय. तेव्हा ती नुसती अंडी असतात, गवताच्या बुडाशी. कोणाच्या नाकावर येऊन बसणार नाहीत.

"काय करू, दुरुस्तीला टाकू?" तो पेन उघडून बसला.

मी त्या कागदाकडे बघितलं. मग त्या पेनाकडे.

"राहू दे," म्हटलं. "चोपन्नच आहे मी."

"मग आलात कशाला?"

"जिने चढायला."

घरी येऊन ह्यांना सांगितलं, तुमच्यामुळे माझी तीन वर्षं गेली. बटण जगतं जेमतेम दहा दिवस, त्याच्यापायी. हे खाली मान घालून हसले. आवाज न करता, पण खांदे हलत होते. मी बघितलं.

मग वन्संना फोन लावला. म्हटलं, वन्सं, आनंदाची बातमी, सरकारी शिक्क्याने आता आपण दोघी एका वयाच्या, चोपन्न.

"चोपन्न?" वन्सं कडाडल्या. "मला अजून पन्नासावं लागायचंय!"

फोन ठेवून दिला.

पुढच्या मोसमात त्यांना बोलावते चार दिवस. समिती पुन्हा आली तर तिच्यासमोर उभं करते, नाकावर बटण बसलं की हलायचं नाही सांगते, आणि वय ह्यांना विचारायला लावते.